व्यसनामागचे बालपण: एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रातील समुपदेशनाचा अनुभव

माझ्या थोरल्या भावाला ज्या निवासी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केले होते, त्याचे नाव येथे देत नाही. केंद्र निवडताना आपण खोल्या, जेवण आणि फी यांचीच चौकशी करतो, आणि या तिन्ही बाबतींत ते ठीकठाक होते. पण लिहावेसे वाटते ते तेथील समुपदेशनाविषयी.

हातांची थरथर आणि निद्रानाश आटोक्यात आल्यावर समुपदेशकांनी दादाकडून जीवनपट काढून घेतला. कागदावर आडवी रेघ, रेघेवर वयाच्या खुणा, वर बऱ्या आठवणी आणि खाली नकोशा. पहिला पेग १५ व्या वर्षी होता, परंतु रेघेखालची पहिली नोंद ८ व्या वर्षाची होती: ‘बाबांची स्कूटर’. ती फाटकाशी कशी थांबते यावरून बाबा किती पिऊन आले आहेत हे तो ओळखत असे आणि मला आतल्या खोलीत नेऊन कडी लावत असे. समुपदेशकांनी एवढेच विचारले, “पहिल्या पेगनंतर काय वाटलं?” दादा म्हणाला, “कान शांत झाले.”

सतत धोक्याचा कानोसा घेत वाढलेल्या मुलाला दारू मौज म्हणून नव्हे, तर उतारा म्हणून सापडते. आणि स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असल्यामुळे कोवळ्या वयात सापडलेला हा उतारा घट्ट रुजतो, हे त्यांनी आम्हांला उत्तम समजावले. आनुवंशिकतेचा वाटाही त्यांनी लपवला नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान घाईने केले नाही, हेही योग्यच झाले, कारण दारूमुळे आलेली उदासी दारू सुटल्यावर काही आठवड्यांत ओसरू शकते.

नाराजी आहे ती बालपणातील आघातांची मोजदाद करणाऱ्या प्रश्नावलीच्या वापराबद्दल. फेलिटी आणि अँडा या संशोधकांच्या १९९८ सालच्या अमेरिकन अभ्यासात, बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये मद्यासक्ती, अमली पदार्थांचे सेवन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांची जोखीम चार ते बारा पट आढळली होती. त्यावर बेतलेल्या प्रश्नावलीतील दादाचे गुण कौटुंबिक सभेत सर्वांसमोर वाचून दाखवण्यात आले. अशा अभ्यासातून समूहाची जोखीम कळते, एका माणसाचे भवितव्य नव्हे. बालपण तितकेच खडतर असूनही व्यसनाकडे न वळलेले लोक पुष्कळ असतात, हे त्याच दमात सांगायला हवे होते. ते न सांगितल्यामुळे दादाला आयती सबब मिळाली, तर आईच्या वाट्याला ठपका आला. “मीच तेव्हा घर सोडायला हवं होतं,” असे ती म्हणाली, तोवर पुढच्या कुटुंबाचे नाव पुकारले गेले होते.

घरच्यांसाठी तेथे वेगळा गट नाही. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून काम करते आणि तेथे व्यसनी व्यक्तींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. अन्यत्र अल-अनॉन या मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठीच्या गटाच्या सभांचा आधार घेता येतो, आणि राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे.

रुग्णासाठी हे केंद्र मी निश्चित सुचवेन, कारण बाटलीच्या मागे जाऊन पाहणारे समुपदेशक सहजासहजी मिळत नाहीत. मात्र दाखल करण्यापूर्वी, कुटुंबीयांना स्वतंत्र वेळ मिळेल काय आणि प्रश्नावलीचे निष्कर्ष कोणासमोर सांगितले जातील, हे विचारून घ्यावे. आईसाठी आम्ही पुढे बाहेरच्या समुपदेशक गाठल्या. त्यांचे शुल्क अर्थातच वेगळे.