पंपाजवळचं पाणी: आहे ती बोअर तपासावी की निरीक्षण विहीर खणावी?

पंपाचं पेट्रोल गळून जमिनीखालच्या पाण्यात उतरतंय का, हा पेट्रोल पंपाशेजारच्या सोसायटीचा प्रश्न.

खर्चात बोअर जिंकते. फक्त प्रयोगशाळेची फी. पण पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि बोअर खोल कातळातल्या भेगांतून पाणी ओढते. वरचा थर केसिंगने (बोअरमध्ये बसवलेल्या बंद पाइपाने) बंद. त्यामुळे अहवाल स्वच्छ येऊनही गळती असू शकते. निरीक्षण विहीर म्हणजे फक्त पाणी तपासायला खणलेली अरुंद विहीर. तिची जाळी (पाणी आत घेणारा भोकांचा पाइप) पाणीपातळीच्या वर-खाली ठेवतात, म्हणून पावसाळ्यात पातळी चढली तरी तवंग सापडतो. अशा तीन विहिरी असल्या तर प्रवाहाची दिशाही कळते.

नमुन्याची मेहनत सारखीच: बाटली काठोकाठ, बुडबुडा नको, बर्फात ठेवा, नाहीतर बेंझीन (पेट्रोलमधला विषारी घटक) उडून जातं.

पिण्याजोगं आहे का (जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम बेंझीन) एवढंच बघायचं तर बोअर पुरे. गळतीचा माग काढायचा तर निरीक्षण विहिरीच, आणि खर्च आधी पंपचालकाकडे मागा.