भाऊ उरले, साहेब गेले : वेब सर्व्हिसचा रिस्पॉन्स तपासायचा कशाने?

एका पतसंस्थेच्या कामातली गोष्ट. सभासदाचा नंबर टाकला की त्याची माहिती दाखवायची, एवढीच स्क्रीन. टेस्टिंगला आम्ही नेहमीसारखी ‘एबीसी’, ‘टेस्ट वन’ अशी रोमन नावं भरली होती आणि सगळं छान चालत होतं. खरा डेटा आला, पहिल्याच सभासदाचं नाव भाऊसाहेब निघालं आणि स्क्रीन कोरी. कन्सोलवर जेसन (सर्व्हर ज्या मजकुराच्या साच्यात डेटा पाठवतो तो) अर्धवट असल्याची तक्रार.

कारण सापडल्यावर हसू आलं. सर्व्हरवर कोणीतरी कंटेंट-लेंग्थ हेडर, म्हणजे पुढचा मजकूर किती बाइटांचा आहे हे आधी सांगणारी ओळ, हाताने भरला होता आणि त्यात बाइटऐवजी अक्षरं मोजली होती. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला तीन लागतात. ‘भाऊसाहेब’मध्ये असे आठ घटक, म्हणजे २४ बाइट. कंस, अवतरणचिन्हं, कोलन आणि चार रोमन अक्षरांचं रकान्याचं नाव मिळून ११. एकूण ३५ बाइट पाठवायचे होते, हेडर सांगत होता १९. ब्राउझरने इमानदारीत १९ मोजून घेतले. त्यातले नऊ नावाच्या आधीच संपले, पुढच्या नवांत ‘भाऊ’ बसले आणि उरलेल्या एका बाइटात ‘स’च्या तीन बाइटांपैकी फक्त पहिला आला. भाऊ उरले, साहेब गेले.

कोणतं टूल घ्यावं असं मला विचारलं की मी आधी हाच बग आठवतो. रिस्पॉन्स सर्व्हरमधून निघतो, गेटवेतून (मधल्या सर्व्हरमधून) जातो, तारेवरून येतो, ब्राउझर तो उघडतो आणि मग तो तुमच्या कोडच्या हातात पडतो. प्रत्येक टूल या वाटेवर एका ठरावीक जागी उभं असतं आणि तिथून दिसतं तेवढंच दाखवतं. त्यामुळे फीचर्सच्या यादीपेक्षा ते उभं कुठे आहे, हे बघून निवड करावी.

ब्राउझरचं नेटवर्क पॅनेल

सुरुवात इथूनच करा. फुकट आहे, काही बसवावं लागत नाही, आणि विनंती कोडच्या कोणत्या ओळीतून निघाली हे ‘इनिशिएटर’मध्ये दिसतं. ही शेवटची सोय बाहेर उभ्या असलेल्या कोणत्याच टूलला देता येत नाही. ‘प्रिझर्व्ह लॉग’ मात्र पहिल्यांदा चालू करा, नाहीतर लॉगिननंतर पान बदललं की पुरावा गायब.

या पॅनेलची खोड अशी की ‘प्रिव्ह्यू’ आणि ‘रिस्पॉन्स’ हे दोन टॅब एकच गोष्ट दाखवतात असं वाटतं, पण तसं नाही. प्रिव्ह्यूमध्ये जेसन जावास्क्रिप्टने वाचल्यानंतरचं रूप असतं. जावास्क्रिप्टच्या नंबरला ९००७१९९२५४७४०९९१च्या पुढचे पूर्णांक खात्रीने सांभाळता येत नाहीत. सर्व्हरने १९ आकडी आयडी नंबर म्हणून पाठवला, तर रिस्पॉन्समध्ये तो बरोबर असतो आणि प्रिव्ह्यूमध्ये शेवटचे आकडे बदललेले. मग बॅकएंडवाला म्हणतो आमचं बरोबर, फ्रंटएंडवाला म्हणतो हे बघ चुकीचं आलंय, आणि दोघंही आपापल्या टॅबपुरते खरे असतात. ट्विटरने २०१०मध्ये आयडी स्ट्रिंग म्हणूनही द्यायला सुरुवात केली ती याच अडचणीमुळे.

दुसरी खोड कॅशेची, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतींची. ‘डिसेबल कॅशे’वर टिचकी मारली की सगळं ताजं येतं असा समज असतो. अ‍ॅपमध्ये सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे चालणारी स्क्रिप्ट) असेल तर तो स्वतःच्या साठ्यातला जुना रिस्पॉन्स पुढे करू शकतो. ‘अ‍ॅप्लिकेशन’ टॅबमध्ये जाऊन त्याला वेगळं बाजूला करावं लागतं.

भाऊसाहेबांच्या बाबतीत या पॅनेलने काय दाखवलं? तुटलेला मजकूर दाखवला, कंटेंट-लेंग्थ १९ हेही दाखवलं. उरलेल्या १६ बाइटांबद्दल चकार शब्द नाही. हेडर वाचण्याची सवय असेल तर एवढ्यावर शंका येते. आम्ही बॉडीकडेच टक लावून बसलो होतो.

कर्ल आणि पोस्टमन

ब्राउझरला वगळून सर्व्हरला थेट विनंती पाठवणारी ही दोन टूलं, कर्ल टर्मिनलमधलं आणि पोस्टमन खिडकीतलं. ‘पोस्टमनमध्ये चालतं, ब्राउझरमध्ये नाही’ हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही आयटी पार्कच्या कँटीनमध्ये दिवसातून एकदा तरी ऐकू येत असेल. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: कॉर्स. एका साइटच्या पानाला दुसऱ्या सर्व्हरचा रिस्पॉन्स वाचायचा तर त्या सर्व्हरची परवानगी हवी, ही ती अट, आणि ती ब्राउझर पाळतो. कर्ल किंवा पोस्टमनला तिच्याशी देणंघेणं नाही, म्हणून तिथे चाललं याने कॉर्सबद्दल काहीच सिद्ध होत नाही. नेहमीचा घोळ असा: ब्राउझर आधी ऑप्शन्सची चौकशी-विनंती पाठवतो, तिच्यात ऑथरायझेशन हेडर नसतो, आणि सर्व्हर तिलाही टोकन मागून ४०१ (ओळख पटली नाही) देतो. खरी विनंती निघतच नाही. पोस्टमन ही चौकशी करतच नाही, तेव्हा त्याला ही अडचण भेटणार कुठून?

याहून फसवी तऱ्हा एनजिनएक्स या वेब सर्व्हरची. त्यात ‘अ‍ॅड हेडर’ने घातलेले हेडर ठरावीक कोडनाच लागतात, २०० किंवा ३०४सारख्या. ५०२ (मागचा सर्व्हर नीट उत्तर देत नाही) आला की ते गळून पडतात, ‘ऑल्वेज’ लिहिलं नसेल तर. सर्व्हर बंद पडलेला असतो, पण ब्राउझर कन्सोलमध्ये लाल अक्षरांत कॉर्सच्या नावाने बोंब मारतो. टीम दोन तास कॉर्सची सेटिंग्ज उकरत बसते. इथे कर्ल खरोखर कामाला येतो: नेटवर्क पॅनेलमधल्या विनंतीवर राइट-क्लिक करून ‘कॉपी अ‍ॅज कर्ल’ घ्या, टर्मिनलमध्ये चालवा, ५०२ समोर उभा राहतो.

दोघांपैकी एक निवडायचा तर मी कर्ल घेईन. तो जवळपास सगळीकडे असतो, सर्व्हरवर लॉगिन करून तिथूनही चालवता येतो, आणि गेटवेच्या आत-बाहेर फरक पडतो का हे दोन ओळींत कळतं. एपीआय अनेकांना वाटून वापरायची असेल, चाचण्या लिहून ठेवायच्या असतील, तर पोस्टमन सोयीचा. पण मग ते डीबगिंगपेक्षा एपीआय सांभाळण्याचं टूल झालं.

मधला माणूस: चार्ल्स, फिडलर, मिटमप्रॉक्सी

ही प्रॉक्सी टूलं, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या मध्ये बसणारी. या जातीला मान मिळाला तो फ्लेक्स आणि सिल्व्हरलाइट या ब्राउझरमध्ये अ‍ॅप चालवणाऱ्या जुन्या तंत्रांच्या काळात. ‘रिच इंटरनेट अ‍ॅप्लिकेशन’ हा शब्द मॅक्रोमीडियाने २००२मध्ये रुळवला, २००४मध्ये फ्लेक्स आलं. सोप (एक्सएमएलमधून बोलणाऱ्या) सर्व्हिसमध्ये चूक झाली की सर्व्हर ५०० कोडसोबत ती का झाली याचं कारणही नीट लिहून पाठवायचा. ब्राउझरमधला फ्लॅश प्लेअर मात्र ते कारण अ‍ॅपला वाचू न देता ‘एरर २०३२, स्ट्रीम एरर’ एवढं म्हणून मोकळा व्हायचा. शिवाय डेटा एएमएफ या फ्लॅशच्या स्वरूपात असेल तर तो बायनरी, डोळ्यांनी वाचणं अशक्य. चार्ल्स तो उलगडून दाखवायचा, म्हणून ज्यांनी फ्लेक्सवर दिवस काढले त्यांच्या मनात त्याला आजही जागा आहे. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२०ला संपला, सिल्व्हरलाइटचा ऑक्टोबर २०२१मध्ये.

आज प्रॉक्सी लागतो तो तीन प्रसंगांत. मोबाइलवरचं अ‍ॅप तपासायचं असेल. रिस्पॉन्स वाटेतच बदलून बघायचा असेल, म्हणजे सर्व्हरला हात न लावता ‘आता ५०३ आला तर स्क्रीन काय करते’ हे पाहायचं असेल. किंवा एकापेक्षा जास्त प्रोग्रॅमची विनंत्यांची देवाणघेवाण एकाच खिडकीत हवी असेल. दुसऱ्या कामापुरतं बोलायचं तर क्रोममधल्या ‘लोकल ओव्हरराइड्स’नेही रिस्पॉन्सचा मजकूर बदलता येतो, त्यामुळे तेवढ्यासाठी प्रॉक्सी घेण्याची गरज कमी झाली आहे.

किंमत मात्र मोजावी लागते. एचटीटीपीएस उघडायला प्रॉक्सीचं रूट सर्टिफिकेट मशीनवर बसवावं लागतं, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर आयटीवाले ते बसवू देतील याची खात्री नाही. विचारून घ्या, गुपचूप बसवू नका. अँड्रॉइड ७पासून अ‍ॅप्स वापरणाऱ्याने बसवलेल्या सर्टिफिकेटवर आपणहून विश्वास ठेवत नाहीत, डीबग बिल्डमध्ये तशी परवानगी लिहावी लागते. लोकलहोस्टची विनंती ब्राउझर बहुधा प्रॉक्सीला वळसा घालून पाठवतो, आणि नवखा माणूस रिकाम्या खिडकीकडे बघत बसतो. शिवाय प्रॉक्सी मध्ये आला की एचटीटीपी/३ (एचटीटीपीची नवी आवृत्ती) बाजूला पडतो. बग त्याच्याशी निगडित असेल तर टूल लावताच तो नाहीसा होतो.

तिघांत निवड सोपी आहे. विंडोज आहे आणि पैसे द्यायचे नाहीत: फिडलर क्लासिक. मॅक आहे आणि साधी खिडकी हवी: चार्ल्स. त्याला लायसन्स लागतं, ३० दिवस वापरून बघता येतं, आणि त्या काळात तो दर अर्ध्या तासाने बंद पडतो. टर्मिनलची भीती नाही आणि रिस्पॉन्स पायथनने बदलायचे आहेत: मिटमप्रॉक्सी. मी तिसरा वापरतो, पण टीममध्ये नवीन आलेल्याच्या हातात पहिल्या दिवशी देणार नाही.

हार फाइल

बग तुमच्या मशीनवर दिसत नसेल आणि नाशिकच्या शाखेत रोज दिसत असेल, तर ग्राहकाला नेटवर्क पॅनेलमधून हार फाइल, म्हणजे सगळ्या विनंत्या आणि रिस्पॉन्सची नोंद, काढून पाठवायला सांगा. उत्तम सोय. पण त्या फाइलीत कुकी आणि टोकन तसेच उतरलेले असू शकतात. २०२३मध्ये ओक्टा या लॉगिन-सेवा देणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेत शिरलेल्यांनी ग्राहकांनी पाठवलेल्या अशाच फाइलींमधली सेशन टोकनं वापरली होती. फाइल हातात आली की आधी त्या सेशनचं लॉगआउट करायला लावा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर ती मुळीच मागवू नका.

वायरशार्क

शेवटी तार. १९९८मध्ये इथेरियल नावाने सुरू झालेलं आणि २००६पासून वायरशार्क म्हणून ओळखलं जाणारं हे टूल जे बाइट खरोखर गेले ते दाखवतं, कुणाचा अर्थ न लावता. रोजच्या कामाला ते जड आहे. एचटीटीपीएस असेल तर ब्राउझरकडून एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची फाइल लिहून घ्यावी लागते, आणि पॅकेटांच्या गर्दीत आपलं पॅकेट शोधायला सराव लागतो. बाकी सगळ्या टूलांनी एकच चुकीचं उत्तर दिलं आणि तरी पटत नसेल, तेव्हाच इकडे वळा.

भाऊसाहेबांच्या वेळी तसंच झालं. बॅकएंडचा आमचा सहकारी लॉग दाखवत होता, त्यात पूर्ण नाव होतं. आम्ही ब्राउझर दाखवत होतो, त्यात अर्धं. कर्लही हेडर म्हणतो तेवढंच घेऊन थांबत होता. डेव्हलपमेंट सर्व्हरवर साधं एचटीटीपी होतं, म्हणून वायरशार्क लावला. पॅकेटमध्ये हेडर १९ म्हणतोय आणि खाली मोजून ३५ बाइट पडलेत. सहकारी दोन मिनिटं काही बोलला नाही, मग त्याने बॉडीची लेंग्थ मोजणारी ती ओळ काढून बाइट मोजणारी लिहिली. त्यानंतर आमच्या टेस्ट डेटात ‘एबीसी’ राहिला नाही. पहिली नोंद आता ज्ञानेश्वर धोंडोपंत कुलकर्णी-धामणगावकर या काल्पनिक गृहस्थांची असते.