जुन्या, न धुतलेल्या रोलसाठी कोडॅकचा एचसी-११०

जुन्या बॉक्स कॅमेऱ्याची गुंडी फिरवताना आत काही ओढले जात असल्याचे जाणवले, तर मागचे झाकण उजेडात उघडू नये, कारण आत कोणीतरी टिपलेला आणि कधीच न धुतलेला रोल असू शकतो. माझ्या हाती असा ६२० आकाराचा व्हेरिक्रोम पॅन, म्हणजे कोडॅकच्या कृष्णधवल फिल्मचा रोल, आला आणि तो मी कोडॅकच्या एचसी-११० या डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवरची प्रतिमा दिसू लागेल अशा रसायनात, धुतला. आणखीही काही जुने रोल यातच धुतले असल्यामुळे त्याविषयी आता खात्रीने लिहितो.

उष्णता आणि काळ यांमुळे जुन्या फिल्मवरील सिल्व्हर हॅलाइड या प्रकाशसंवेदी क्षाराचे कण प्रकाश न पडताही डेव्हलप होण्याजोगे बनतात, आणि मग संपूर्ण पट्टीवर चढणाऱ्या करड्या थरात मुळातच क्षीण झालेली सुप्त (टिपलेली पण अजून न दिसणारी) प्रतिमा बुडून जाते. १९६० च्या दशकापासून वापरात असलेल्या या डेव्हलपरचा मोठा गुण म्हणजे तो हा थर, म्हणजेच फॉग, फारसा वाढू देत नाही. एका भागास ३१ भाग पाणी या प्रमाणात ५०० मिलीलिटर द्रावणाला जेमतेम १६ मिलीलिटर पुरते. फॉग फारच असेल तर मी फॉग रोखणारे थोडे बेन्झोट्रायझोल घालतो. वेळ मात्र कोणत्याही तक्त्यावरून ठरवू नये. अंधारात टोकाचा तुकडा कापून आधी तो धुऊन पाहावा. त्यात एखादी चौकट गमवावी लागते आणि ते जिवावर येते, पण उरलेला रोल वाचतो.

रंगीत फिल्मबाबत अपेक्षा बेताची ठेवावी. १९७२ मध्ये रंगीत निगेटिव्ह धुण्याची आजची सी-४१ प्रक्रिया येण्यापूर्वीच्या, सी-२२ या जुन्या प्रक्रियेच्या फिल्मचे इमल्शन (प्रकाशसंवेदी थर) आजच्या ३८ अंशांच्या रसायनांत टिकेलच असे नाही, आणि कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत स्लाइड फिल्मची रंगीत प्रक्रिया तर २०१० नंतर बंदच झाली. एचसी-११० मध्ये दोन्हींतून कृष्णधवल प्रतिमा मिळू शकते. कोडाक्रोमच्या पाठीवरचा काळा थर तेवढा वेगळा धुऊन काढावा लागतो.

डेव्हलपरइतकाच धीर रोल धुण्याच्या टाकीतल्या रिळावर चढवताना लागतो. वर्षानुवर्षे गुंडाळलेली फिल्म स्प्रिंगसारखी उसळते, तिच्याशी झटापट केली की इमल्शनवर चरे पडतात.

माझ्या व्हेरिक्रोमच्या आठ चौकटींपैकी पहिली चाचणीत गेली, दोन कोऱ्या निघाल्या आणि पाच स्पष्ट आल्या. त्यांतल्या एकीत पायरीवर बसलेली मुलगी आहे, आणि तिच्या डोक्यावरच्या आकाशात फिल्मच्या पाठीला गुंडाळलेल्या कागदावरचा ६ हा आकडा उमटला आहे.