आयरिश वंशावळीचा शोध मोफत साधनांतून: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या मुलीचे सासर आयर्लंडमधले आहे. नातीला दोन्ही घराण्यांची वंशावळ लिहून द्यावी, या हेतूने गेले काही महिने मी विहीणबाईंच्या माहेरचा शोध घेत आहे. हे सारे काम पुण्यातल्या घरी बसून आणि केवळ मोफत संकेतस्थळांच्या आधारे चालले आहे. सुरुवातीला हाती होते ते एवढेच: आडनाव वॉल्श, काउंटी मेयो, कॅथलिक शेतकरी कुटुंब आणि विहीणबाईंच्या पणजोबांचे नाव. आज या घराण्याचा माग १८५० च्या दशकापर्यंत कागदोपत्री लागला आहे, आणि त्यासाठी कोणत्याही संकेतस्थळाची वर्गणी भरावी लागलेली नाही.

आयर्लंडचे जुने कागद जळून गेले, त्यामुळे तिथे काही सापडत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स परिसरातले सार्वजनिक अभिलेखागार उद्ध्वस्त झाले आणि १८२१ ते १८५१ या काळातल्या जनगणनांचे बहुतेक कागद, मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या अनेक नोंदवह्या नष्ट झाल्या. १८६१ ते १८९१ च्या जनगणना मात्र त्या आगीत गेल्या नाहीत. त्या त्याआधीच सरकारी आदेशानेच नष्ट केल्या गेल्या होत्या. कॅथलिक नोंदवह्या ज्या त्या पॅरिशमध्येच, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीतच, होत्या म्हणून वाचल्या, जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंदणी दुसरीकडे होती म्हणून वाचली, आणि १९०१ व १९११ च्या जनगणना तर संपूर्ण उपलब्ध आहेत. सामान्य शेतकरी घराण्याच्या शोधाला एवढी सामग्री पुष्कळ आहे.

आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरील या दोन जनगणनांपासूनच प्रत्येकाने सुरुवात करावी, असे माझे ठाम मत झाले आहे. नुसत्या नावाने शोध घेतला, तर मेयोमध्ये पॅट्रिक वॉल्श इतके निघतात की मनुष्य हताश होतो, कारण वॉल्श हे त्या काउंटीतले अतिशय रुळलेले आडनाव आहे. परंतु त्याच पानावर काउंटी, निवडणूक विभाग आणि टाउनलँड अशा क्रमाने खाली उतरत एकेक घर पाहण्याची सोय आहे. टाउनलँड म्हणजे आयर्लंडमधला जमिनीचा सर्वांत लहान परिचित विभाग; असे साठ हजारांहून अधिक विभाग देशभर आहेत आणि सगळ्या जुन्या नोंदी अखेर त्यांच्याशीच बांधलेल्या आहेत. आपल्या घराण्याचे टाउनलँड कळले की निम्मे काम झाले असे समजावे. त्याच्या नावाची स्पेलिंगे कागदागणिक बदलतात. ती जुळवण्यासाठी लोगेनम हे आयरिश स्थळनामांचे मोफत संकेतस्थळ मला फार उपयोगी पडले.

संगणकावर टंकलेला मजकूर वाचून थांबू नये. मूळ अर्जाचे छायाचित्र उघडावेच. १९११ च्या अर्जात विवाहित स्त्रियांना लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांपैकी किती हयात आहेत, हे विचारलेले होते. विधवांनी ते रकाने भरणे अपेक्षित नव्हते, तरी अनेकींनी ते भरले आणि प्रगणकांनी त्यावर रेघ मारली. आमच्या घरच्या अर्जातही तसेच आहे: पणजोबांच्या आईच्या ओळीत नऊ मुले जन्मली, सहा हयात, असे लिहून वर रेघ ओढलेली आहे, आणि रेघेखालचे आकडे आजही स्वच्छ वाचता येतात. सोबतच्या घराच्या अर्जात भिंती दगडाच्या की मातीच्या, छप्पर गवताचे की पक्के, खोल्या किती, समोरच्या बाजूला खिडक्या किती, यांना गुण देऊन घराची प्रत ठरवलेली असते. नावांच्या यादीतून जे कधीच समजले नसते ते या एका पानातून समजते.

वयांवर मात्र विसंबू नये. याच आजीबाईंचे वय १९०१ मध्ये ५८ आणि १९११ मध्ये ७४ लिहिलेले आहे. हा त्यांचा एकटीचा घोटाळा नव्हे. जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन मिळू लागले, आणि सरकारी जन्मनोंदणी त्यांच्या जन्मानंतर सुरू झालेली असल्यामुळे वयाचा पुरावा फारसा कोणाकडे नव्हता. त्यासाठी लोक १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतला उतारा शोधून देण्याचे अर्ज करीत. मूळ जनगणना पुढे नष्ट झाली, पण ते शोध-अर्ज टिकले आणि तेही अभिलेखागाराने मोफत खुले केले आहेत. ज्या घरात १९०९ नंतर कोणी वृद्ध व्यक्ती हयात होती, त्यांनी ते अवश्य पाहावेत.

पुढची पायरी म्हणजे आयरिश सरकारचे आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई. कॅथलिकेतर विवाहांची नोंदणी १८४५ पासून आणि जन्म, मृत्यू व कॅथलिक विवाहांची १८६४ पासून आहे. जन्माला १००, विवाहाला ७५ आणि मृत्यूला ५० वर्षे उलटली की नोंदीच्या मूळ पानाची प्रतिमा विनामूल्य मिळते. जन्मनोंदीत आईचे माहेरचे आडनाव असते आणि विवाहनोंदीत वधू-वर दोघांच्या वडिलांची नावे व व्यवसाय असतात, म्हणून पिढ्या जोडण्याचे खरे काम या दोन नोंदी करतात. मृत्यूच्या नोंदीत आईवडिलांची नावे नसतात. तिथे माहिती देणाऱ्याचे नाव पाहावे, कारण तो बहुधा मुलगा, सून किंवा शेजारी असतो. एक विसंगती अनेकांना गोंधळात टाकते: बाप्तिस्मा आधीचा आणि जन्मतारीख नंतरची. नोंदणीला उशीर झाला की दंड असे, म्हणून पालक जन्माची तारीख पुढे सरकवून सांगत. अशा ठिकाणी मी चर्चची तारीख ग्राह्य धरते.

चर्चच्या नोंदींसाठी आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये कॅथलिक नोंदवह्यांच्या मायक्रोफिल्मच्या प्रतिमा खुल्या केल्या. त्या बहुतांशी १८८० पर्यंतच्या आहेत. ग्रंथालयाच्या पानावर नावाने शोध घेता येत नाही. पॅरिश, वर्ष आणि महिना निवडून पाने उलटावी लागतात. नोंदी पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात, त्यामुळे विल्यमचा गुलिएल्मस आणि जेम्सचा जेकोबस होतो, शाई फिकट असते, काही पाने डागाळलेली असतात. डोळ्यांना त्रास होतो, हे खरे. पण बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावे वाचत गेले की आत्या, मामा आणि शेजारी ओळखीचे होऊ लागतात, आणि दोन वॉल्श घरांतला फरक मला तिथेच उमगला.

ग्रिफिथचे मूल्यांकन, म्हणजे १८४७ ते १८६४ या काळातली जमिनींची कर-आकारणी, आस्क अबाउट आयर्लंड या संकेतस्थळावर नकाशासह पाहता येते. त्यात कुळाचे नाव, मालकाचे नाव, क्षेत्र आणि आकारणीची रक्कम मिळते. संकेतस्थळावरचे नकाशे काही ठिकाणी मूल्यांकनाच्या पुस्तकाच्या नंतरचे असल्यामुळे भूखंडाचे क्रमांक जुळत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. ग्रिफिथनंतर कूळ कसे बदलत गेले, ते आपल्याकडच्या फेरफाराप्रमाणे सुधारित वह्यांत नोंदवलेले आहे. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंटींच्या अशा वह्या, १८६४ ते १९३३ पर्यंतच्या, बेलफास्टच्या अभिलेखागाराने मोफत ऑनलाइन ठेवल्या आहेत. उत्तरेतल्या १९२२ नंतरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींना मात्र पैसे मोजावे लागतात.

घराण्यातले कोणी अमेरिकेला गेले असेल, तर न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर उतरलेल्यांच्या मोफत प्रवासी याद्या पाहाव्यात. १९०७ पासूनच्या याद्यांत मायदेशातल्या जवळच्या नातलगाचे नाव आणि पत्ता लिहिलेला असतो, आणि तो पत्ता कधी कधी थेट टाउनलँडच सांगतो. ब्रिटिश फौजेबरोबर हिंदुस्थानात आलेल्या आयरिश शिपायांसाठी फिबिस (फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी) या संस्थेच्या संकेतस्थळावरचा शोध मोफत आहे. पुणे, खडकी किंवा कामठीच्या छावण्यांत ज्यांचे कोणी होते त्यांनी तो पाहावा.

मोफत साधनांची मर्यादाही सांगितली पाहिजे. स्थानिक केंद्रांनी तयार केलेली, नावाने शोधता येणारी चर्चसूची रूट्सआयर्लंडवर वर्गणी भरूनच मिळते, आणि ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी महिनाभरासाठी ती घेणे योग्य ठरेल. पश्चिम आयर्लंडमधल्या अनेक पॅरिशच्या वह्या उशिरा सुरू होतात. आमच्या पॅरिशची तर १८४० च्या दशकातल्या महादुष्काळानंतरची आहे. त्याआधीचा आधार म्हणजे १८२० आणि १८३० च्या दशकांतल्या, चर्चसाठी घेतल्या जाणाऱ्या दशमांश कराच्या याद्या. त्याही मोफत आहेत, पण त्यांत फक्त जमीन कसणाऱ्यांची नावे असतात, नाती नसतात. आमच्या टाउनलँडमध्ये त्या यादीत तीन वॉल्श आहेत. त्यांपैकी आमचा कोणता, हे ठरवणारा कागद मला अद्याप मिळालेला नाही, म्हणून नातीसाठीच्या वंशावळीत ती जागा मी रिकामी ठेवली आहे.