गुड किड, मॅड सिटी: शफल बंद करा आणि पहिल्यापासून ऐका

अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा हा दुसरा स्टुडिओ अल्बम, ऑक्टोबर 2012 मधे आलेला. मी पहिल्यांदा ऐकला तो शफलवर, कारण पार्टीत वाजणारं स्विमिंग पूल्स तेवढं माहीत होतं आणि बाकीची गाणी अधूनमधून लागायची. मजा यायची पण हाती काही लागायचं नाही. मग एका रात्री हेडफोन लावून पहिल्या ट्रॅकपासून बाराव्यापर्यंत सलग ऐकला, आणि संपल्यावर कितीतरी वेळ जागची हलले नाही.

कव्हरवरच लिहिलंय ‘अ शॉर्ट फिल्म बाय केंड्रिक लमार’, आणि ते अगदी खरंय. कॅलिफोर्नियातलं कॉम्प्टन, सतरा वर्षांचा पोरगा, आईची व्हॅन घेऊन शेरेन नावाच्या मुलीला भेटायला निघालाय. मित्रांच्या नादाने केलेली घरफोडी, शेरेनच्या गल्लीत खाल्लेला मार, त्याचा बदला घ्यायला गेलेले मित्र, आणि त्यातल्या एकाला लागलेली गोळी, हे सगळं मागेपुढे करत येतं. मधेमधे आईवडिलांचे व्हॉइसमेल, आणि ते आवाज त्याच्या खऱ्या आईवडिलांचे आहेत. आई म्हणतेय पंधरा मिनिटांत येतो म्हणालास ना, मला काउंटी ऑफिसला जायचंय, पोरं भुकेली आहेत, आणि मागून वडिलांचं एकच चाललंय, माझे डॉमिनोज कुठायत. पहिल्यांदा ऐकताना हसू येतं. पोरगा तिकडे कशात अडकलाय हे कळल्यावर तोच फोन आठवला की घशात आवंढा येतो.

आता हे त्याने कुठल्या परिस्थितीत केलं ते बघा. आधीचा सेक्शन.80 हा 2011 मधे टॉप डॉग एंटरटेनमेंट या छोट्या लेबलवरून आलेला, आणि यावेळी पाठीशी नावाजलेला रॅपर आणि निर्माता डॉ. ड्रे याचं आफ्टरमॅथ आणि इंटरस्कोप, म्हणजे एकदम मोठी कंपनी. अशा वेळी चार क्लबमधली गाणी, चार मोठी नावं घालून मोकळं होणं सोपं होतं, पण याने स्वतःच्या घरातली गोष्ट सांगायची ठरवली आणि मोठ्या नावांना त्या गोष्टीत बसवलं. फॅरेल, हिट-बॉय, जस्ट ब्लेझ, टी-मायनस, इतक्या वेगवेगळ्या हातांचे बीट्स आहेत तरी सगळं एकाच घरात घडल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर मिक्सिंग करणाऱ्या डेरेक अलीचं यात फार मोठं काम आहे. पुढे आलेला आवाज, मागून येणारा आवाज, एकाच माणसाचे बदललेले आवाज, हेडफोनवर हे सगळं वेगवेगळं कळतं.

स्विमिंग पूल्सवर लोक ग्लास वर करून नाचतात, पण ते गाणं दारूच्या आणि मित्रांच्या आग्रहाच्या विरोधातलंय, त्यात त्याची सदसद्विवेकबुद्धी मधेच त्याच्याशी बोलायला लागते. मॅड सिटी या गाण्यात अर्ध्यावर बीट पूर्ण पालटतो आणि कॉम्प्टनचाच जुना रॅपर एमसी एट येतो, तिथे माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

पण अल्बमचा जीव आहे तो दहाव्या ट्रॅकमधे, सिंग अबाउट मी, आयम डाइंग ऑफ थर्स्ट, बारा मिनिटांचं गाणं. पहिली व्हर्स, म्हणजे रॅपचं कडवं, त्या गोळी लागून मेलेल्या मित्राच्या भावाच्या तोंडून आहे, तो म्हणतो अल्बम यायच्या आधी मी गेलो तर... आणि गोळ्यांचा आवाज येतो, वाक्य तिथेच तुटतं. बीट मात्र चालूच राहतो. दुसरी व्हर्स एका मुलीची, जिच्या बहिणीवर केंड्रिकने सेक्शन.80 मधे गाणं केलं होतं. ती भडकलीय, माझ्या बहिणीची गोष्ट सांगायचा तुला काय अधिकार, मी काही अशी विरून जाणार नाही, असं ती परत परत म्हणते आणि म्हणता म्हणता तिचा आवाज बारीक होत होत विरून जातो. स्वतःवरचा राग स्वतःच्याच अल्बममधे इतक्या खरेपणाने मांडणारा दुसरा रॅपर मी तरी ऐकलेला नाही. मी इथे रडले, आणि अजूनही हे गाणं लावून दुसरं काम करता येत नाही मला.

सगळंच थोर आहे असं नाही. रॅपर ड्रेकसोबतचं पोएटिक जस्टिस ऐकायला गोड आहे पण गोष्ट तिथे थबकते. शेवटचं कॉम्प्टन, डॉ. ड्रेसोबतचं, त्याआधीच्या रियल या गाण्यातल्या आईवडिलांच्या बोलण्यानंतर फारच वाजतगाजत येतं.

स्वागत म्हणाल तर पहिल्या आठवड्यात 2 लाख 42 हजार प्रती खपल्या आणि बिलबोर्ड 200 या अमेरिकेतल्या अल्बमच्या क्रमवारीत थेट दुसरा नंबर, पहिल्या नंबरवर त्या आठवड्यात टेलर स्विफ्टचा रेड होता. 2014 च्या ग्रॅमीत केंड्रिकला सात नामांकनं होती आणि हाती एकही नाही, बेस्ट रॅप अल्बम मॅकलमोर आणि रायन लुइसच्या द हाइस्टला गेला, आणि मॅकलमोरनेच त्याला मेसेज केला की हे तुला मिळायला हवं होतं. मला याचा अजून राग येतो. पण 2022 मधे हा अल्बम बिलबोर्ड 200 वर सलग दहा वर्षं पूर्ण करून बसला होता, हिपहॉपमधल्या कुठल्याच स्टुडिओ अल्बमला तोवर हे जमलं नव्हतं.

घ्यायचा असेल तर दोन गोष्टी सांगते. मी डबल एलपी ऑनलाइन मागवली, त्यातली एक रेकॉर्ड वाकडी निघाली, सुई वरखाली व्हायची, बदलून मिळायला तीन आठवडे गेले, त्यामुळे बॉक्स उघडल्या उघडल्या चारही बाजू वाजवून बघा. आणि स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर बहुतेकदा डिलक्स समोर येते, तिच्यात बाराव्यानंतर जादा गाणी आहेत. ब्लॅक बॉय फ्लाय त्यातलं फार सुंदर आहे, ते दुसऱ्या दिवशी ऐका. कारण बाराव्याच्या शेवटी पोरगा आईला सांगतो व्हॅन घेऊन जातो, पंधरा मिनिटांत येतो, आणि कॅसेट रिवाइंड झाल्याचा आवाज येतो. तिथे थांबा आणि पहिला ट्रॅक परत लावा.