चर्चच्या वायफायमध्ये आम्ही फसलो, बिल देण्याआधी केबल उघडून बघा

आमच्या चर्चमध्ये वायफायचं दुखणं जुनंच. इमारत दगडी, भिंती हातभर जाड, राउटर मागच्या ऑफिसात आणि मधे दोन भिंती. वेदीजवळ जेमतेम एक काडी यायची, मागच्या बाकांवर आणि वर क्वायरच्या गॅलरीत तीपण नाही. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा म्हाताऱ्या, आजारी माणसांसाठी आम्ही रविवारची उपासना लाइव्ह दाखवतो, ती नेमकी प्रवचन रंगात आलं की अडकायची. मग फोन, बाळा आवाज गेला रे, पाळकसाहेब पुढे काय म्हणाले? जीव तुटायचा ते ऐकून. शेवटी कमिटीने ठरवलं की एकदाच काय ते नीट करून घेऊ.

ओळखीतून एक जण आला. बोलायला गोड, मोबाइल हातात धरून हॉलभर फिरला आणि म्हणाला सहा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने राउटरला जोडून वायफाय देणारे डबे, लागतील, प्रत्येकाला राउटरपासून वेगळी केबल टाकतो, कोपऱ्याकोपऱ्यात फुल्ल रेंज देतो. अर्धे पैसे आधी मागितले. लेखी काय घेतलं तर एक ओळ, सहा ॲक्सेस पॉइंट केबलसकट, बस. कुठली कंपनी, कुठलं मॉडेल, केबल कसली, काहीच नाही. सही मी केली होती आणि याचं मला अजून वाईट वाटतं, कारण पैसे मंडळीच्या दानातले होते.

दोन दिवसांत पट्टी फिटिंग झालं, भिंतींवर सहा डबे लुकलुकायला लागले. मधल्या वारी, रिकाम्या हॉलमध्ये त्याने स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवली, आकडा जबरदस्त, आम्ही फोटो काढला आणि उरलेले पैसे देऊन टाकले.

रविवारी सगळ्यांच्या फोनवर काड्या फुल्ल आणि लाइव्ह मात्र पहिल्यापेक्षा जास्त अडकतंय. त्याला फोन केला तर म्हणाला माणसं जास्त झाली, लाइन कमी पडते, मोठा प्लॅन घ्या. घेतला. काडीचा फरक नाही. तिसऱ्यांदा फोन लावला तर नंबर बंद.

मंडळीतला एक मुलगा नेटवर्किंगचं काम करतो, तो शिडी लावून वर चढला. डबा काढला तर मागे केबलचं टोक नुसतं पट्टीत खुपसलेलं, टोकाला कनेक्टर, म्हणजे डब्यात घालायची पिन, बसवलेलाच नाही. सहाच्या सहा तसेच! म्हणजे ते ॲक्सेस पॉइंट नव्हतेच, स्वस्तातले सिंगल बँडवाले रिपीटर होते, म्हणजे केबलशिवाय हवेतला सिग्नल पकडून पुढे पाठवणारे, फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारे. असला रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, म्हणून प्रत्येक टप्प्याला स्पीड साधारण अर्धा होतो, आणि इथे तर एकाचं दुसरा ऐकत होता, दुसऱ्याचं तिसरा. वर सगळे एकाच चॅनलवर. २.४ मध्ये एकमेकांच्या आड न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, त्यामुळे सहा डबे आणि हॉलभर मोबाइल एकाच वाटेवर गर्दी करून बसलेले. फोनवरच्या काड्या फक्त जवळच्या डब्याचा सिग्नल दाखवतात, त्या डब्याला मागून नेट किती मिळतंय हे त्यांना कळत नाही, आणि आम्ही त्या काड्यांनाच भुललो.

मग त्याने ब्लेडने केबलची एक तार खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी चंदेरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम! बिलात लिहिलंय कॅट सिक्स, पण त्या प्रकारात तार पूर्ण तांब्याचीच लागते. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, म्हणजे त्याच केबलमधून ॲक्सेस पॉइंटला वीज द्यायची म्हटलं तर व्होल्टेज पडतं आणि तार तापते, लाकडी छत असलेल्या इमारतीत हे किती वाईट ते सांगायला नको.

स्पीड टेस्टचा तो फोटो मी घरी येऊन मोठा करून पाहिला. आकड्याखाली इंटरनेट कंपनीचं नाव येतं ना, ते आमच्या लाइनच्या कंपनीचं नव्हतंच. गडी वायफाय बंद ठेवून मोबाइल डेटावर टेस्ट दाखवून गेला होता.

आता तीनच ॲक्सेस पॉइंट आहेत, हॉलमध्ये दोन आणि गॅलरीत एक, तिघांना पूर्ण तांब्याची केबल, कुठलीच १०० मीटरच्या वर नाही, चॅनल वेगवेगळे. लाइव्हचा कॉम्प्युटर तर थेट केबलवरच घेतला, हे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं, तेवढ्यानेच अर्धं काम झालं असतं. तुमच्याकडे कोणी असं काम करत असेल तर प्रत्येक डबा तुमच्यासमोर उतरवून मागची केबल दाखवायला लावा, तार खरवडून बघा, टेस्ट तुमच्या फोनवर मोबाइल डेटा बंद करून घ्या, आणि शेवटचा हप्ता भरलेल्या हॉलमध्ये एक अख्खी उपासना विनाअडथळा गेल्याशिवाय देऊ नका.

त्या माणसाचा नंबर अजून बंदच आहे. आम्ही लेखी तक्रार दिलीय. बिल, तो फोटो आणि कापलेलं केबलचं टोक एका पाकिटात घालून ऑफिसच्या कपाटात ठेवलंय, कोणी बोलावलं तर घेऊन जायला.