गुहागरच्या वाडीतलं लग्न: सत्तर माणसं, दोन दिवस, एक मांडव

माघात लेकीचं लग्न झालं. गुहागरला, समुद्राला लागून असलेल्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत. तिथले काका-काकू राहण्या-जेवण्याची घरगुती सोय करतात. लग्नाला महिनाही झाला नाही, तोवर ओळखीतल्या पाच-सहा जणांनी विचारलं: कसं जमवलंत, खर्च किती आला, आम्हीही करू का? म्हणून सगळं एकदाच लिहिते. आवडलेलं लिहिते, खटकलेलंही लिहिते.

गुहागरच का? आम्ही डोंबिवलीचे, जावयांकडचे सांगलीचे. त्यांचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर, त्यामुळे लग्नानंतर जोडप्याला तिथे न्यायचंच होतं. मग लग्नच तिथे का नको, हे विहीणबाईंनी सुचवलं. ती मंडळी कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून आली. आम्ही ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसने चिपळूणला उतरलो. पुण्याचे दोन भाचे दापोलीवरून आले आणि दाभोळच्या फेरीबोटीत गाडी घालून धोपाव्याला उतरले. चिपळूण स्टेशन ते गुहागर साधारण ४५ किलोमीटर. त्यासाठी एसटी प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने घेतली. हा निर्णय आमच्या ह्यांचा, आणि फार चांगला ठरला. सगळी म्हातारी माणसं एका गाडीत, सामान एका गाडीत, कुणाला शोधायला लागलं नाही. रेल्वेचं मात्र आधी नीट ठरवा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात. आमच्या चाळीसजणांची सात तिकिटं झाली. त्या दिवशी सकाळी आठला आम्ही तीन घरांतून तीन मोबाइल घेऊन बसलो होतो.

काकांना पहिला फोन केला तेव्हा मला वाटलं होतं, माणसं किती ते विचारतील. त्यांनी विचारलं, "तिथी कोणती?"

गुरुजींनी दोन मुहूर्त काढून दिले होते, एक दशमीचा आणि एक वद्य पंचमीचा. काका म्हणाले, "तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं, की भरतीची वेळ निघते. दशमीला साडेसातला भरती. तुमची माणसं संध्याकाळी पुळणीवर जाणार कुठे? पाणी सुरूच्या झाडांजवळ येईल. पंचमी घ्या. पावणेचारला भरती, सहाला पुळण मोकळी." मी जन्मभर पंचांग बघत आले, पण त्यातून समुद्राची वेळ निघते हे त्या दिवशी कळलं. शनिवारी पंचमी येत होती, पाहुण्यांनाही सोयीची. ठरलं.

मग मी त्यांना कार्यक्रमाचा कागद पाठवला. शुक्रवारी मेंदी, संगीत, खेळ. शनिवारी हळद, लग्न, संध्याकाळी पुन्हा गाण्यांचा कार्यक्रम. रविवारी सकाळी हेदवी, वेळणेश्वर, गोपाळगड. काकूंनी फोन केला. "ताई, एवढ्यात माणसं भेटणार कधी एकमेकांना?" मला आधी राग आला. लग्न आमच्या घरचं, काकूंनी का सांगावं? पण रात्री लेकीला कागद वाचून दाखवला तर ती म्हणाली, "आई, काकू बरोबर बोलतायत. मला मावशीजवळ नुसतं बसायचंय." संगीत काढलं, खेळ काढले, शनिवारची संध्याकाळ कोरी ठेवली. रविवारचं हेदवीही काकांनीच काढायला लावलं. सकाळी ओहोटी असते आणि तिथल्या बामणघळीत, म्हणजे खडकातल्या अरुंद घळीत, पाणी उसळतं ते भरतीला, मग एवढ्या लांब उन्हात जाऊन बघायचं काय?

या लग्नात मला सगळ्यात जास्त काय मिळालं, तर तो मोकळा वेळ. शनिवारी दुपारी जेवणं उरकल्यावर माझी ८१ वर्षांची आत्या आणि विहीणबाईंच्या सासूबाई पोफळीखाली चटईवर बसल्या होत्या. दोघींची त्या दिवसापर्यंत ओळखही नव्हती. दोन तास बोलल्या. आत्या मग मला म्हणाली, "पोरगी चांगल्या घरात पडली गं." कार्यालयात लग्न केलं असतं तर चार वाजता हॉल रिकामा करायला लागला असता.

मांडवाबद्दल लिहायलाच हवं. शहरातल्या सजावटवाल्याने प्लास्टिकची फुलं आणि पडद्यांचे ८५ हजार सांगितले होते. काकांनी ३५ हजारांत झावळ्यांचा मांडव घातला. आम्ही शुक्रवारी दुपारी पोचलो तेव्हा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, दोन गडी शेवटची झापं विणत होते. ओली झावळी मधोमध उभी चिरायची, मग एकेक पाती उलटी वळवून शेजारच्या पात्यांच्या वर-खाली घालत न्यायची. हात इतके भराभर चालत होते की माझा पुतण्या पाऊण तास तिथून हलला नाही. पोफळीचे खांब, सुंभाने बांधलेले सांधे, कडेला आंब्याचे टहाळे. शनिवारी भर दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला बाहेर ऊन कडकत होतं आणि मांडवात गारवा होता. अंतरपाटावर झापांमधून उन्हाचे कवडसे पडले होते. मांडवावर झुकलेल्या माडांचे सगळे नारळ आधीच उतरवून घेतले होते. हे मला सुचलंच नसतं.

शुक्रवारी संकष्टी होती. निम्म्या बायकांना उपास. काकूंनी न सांगता साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याच्या गोड फोडी केल्या, आणि चंद्रोदयाला उकडीचे मोदक. साडेनऊच्या पुढे सगळेजण पूर्वेला तोंड करून उभे, पोफळींच्या शेंड्यांतून चंद्र कधी वर येतो ते बघत. लग्नाचं जेवणही तसंच. केळीच्या पानावर ओल्या काजूची उसळ, फणसाच्या कुयरीची भाजी, अळूचं फतफतं, मसालेभात, साखरभात, मठ्ठा. जिलबी हवी का, असं मी विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "ती चिपळूणहून आणावी लागते, गार होते. साखरभात मी स्वतः करते." मी हट्ट केला नाही ते बरं झालं. सांगलीकरांनी भात तीनदा मागून घेतला.

आता खटकलेलं. फोनवर चौदा खोल्या सांगितल्या होत्या. वाडीत अकराच निघाल्या. उरलेल्या तीन रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या घरात, चालत आठ-दहा मिनिटं. पहिल्या रात्री तिथल्या वाटेवर दिवा नव्हता. माझ्या मोठ्या जाऊबाई गुडघ्यांनी अधू, त्या टॉर्च धरून घाबरत घाबरत गेल्या. मी काकांना स्पष्ट सांगितलं की हे आधी सांगायला हवं होतं. त्यांनी चूक मान्य केली, शनिवारी दिवा लावला आणि जाऊबाईंना स्वतःच्या माजघरात जागा दिली. पण पहिली रात्र गेली ती गेलीच. शिवाय एका खोलीत पाचजण होतात, दोघं खाटेवर, बाकीचे गाद्यांवर. संडास-न्हाणीघरं सत्तर माणसांना कमी पडतात. लग्नाच्या सकाळी पाचपासून रांग होती. गरम पाणी मात्र कुणाला कमी पडलं नाही. दोन मोठे तांब्याचे बंब नारळाच्या सोडणांवर रात्रीपासून पेटवून ठेवले होते.

शनिवारी रात्री दोन तास वीज गेली. जनरेटर फक्त पंप आणि खळ्यातल्या दिव्यांपुरता चालतो. खोल्यांत पंखे बंद. माघ होता म्हणून निभावलं. एप्रिल-मेमध्ये हेच करायचं असेल तर हा प्रश्न आधी सोडवून घ्या.

राहणं, सगळी जेवणं, चहा-नाश्ता, मांडव मिळून २ लाख १० हजार झाले. एसटी, गुरुजी, सनईवाले वेगळे. डीजे काका लावू देत नाहीत, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालवायला कायद्यानेही बंदी आहे. ज्यांना नाचायचंय, ज्यांची माणसं सत्तरच्या वर आहेत, त्यांनी ही जागा घेऊ नये. साठ माणसं असतील तर उत्तम. सत्तर म्हणजे शेवट.

ठरवण्याआधी एकदा स्वतः जाऊन या. खोल्या एकेक उघडून बघा, कुठल्या वाडीत आणि कुठल्या बाहेर ते लिहून घ्या, गुडघेदुखीवाल्यांची नावं आधी त्यांवर घाला. आणि मुहूर्त दोन-तीन काढून न्या. काका तिथी विचारतीलच.